बिलाची खिडकी सापडली नाही

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या लीड्समध्ये एका रात्री आमच्या धाकटीला दम लागला. सात वर्षांची पोर, श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या. दवाखान्यात नाव, जन्मतारीख आणि पत्ता एवढंच विचारलं आणि तिला थेट आत नेलं, मास्क लावला. आमच्या आधीपासून हाताला टॉवेल गुंडाळून बसलेला एक माणूस तसाच बसून राहिला. कुणाची तब्येत जास्त बिघडलीय, त्यावर इथला नंबर ठरतो.

पहाटे पाचला इनहेलरची पिशवी हातात देऊन सोडलं. मी सवयीनं बिलाची खिडकी शोधायला लागलो. नर्सला विचारलं, तर तिला माझा प्रश्नच कळेना.

घरी येताना मला आप्पांची रात्र आठवत होती.

चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात आप्पांच्या छातीत कळ आली. दादानं त्यांना रिक्षातून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. तिथून त्याचा फोन आला, "आधी साठ हजार भरा म्हणालेत, मग आयसीयूत घेतो." मी इथून पैसे पाठवून ते तिकडे जमा होईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ आप्पा स्ट्रेचरवर. आईनं हातातल्या दोन पाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. तिथल्या पोरानं त्या हलकेच परत सरकवल्या, "काकू, असं चालत नाही. कॅश नाहीतर कार्ड." आप्पा वाचले, डॉक्टरांनी जीव लावून उपचार केले, ते मी विसरणार नाही. पण त्या पाटल्याही विसरणार नाही. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय. त्या रात्री आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

आई फोनवर विचारते, "तिथं सगळं फुकट असतंय व्हय?" फुकट नाही, आई. आधीच भरलेलं असतं. पगारातून कर जातो, शिवाय आमच्यासारख्या व्हिसावाल्यांकडून माणशी वर्षाला १,०३५ पौंड वेगळे घेतात, मुलांचे थोडे कमी. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाला चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, लहान मुलांना आणि साठीच्या पुढच्यांना काही नाही. फरक एवढाच, की दुखत असताना कुणी हात पुढे करत नाही. ५ जुलै १९४८ ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ही एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू केली ती याच तत्त्वावर.

इथं सगळं आलबेल आहे, असं मी सांगणार नाही. ठरवून करायच्या उपचारांसाठी १८ आठवड्यांची मुदत आहे, ती २०१६ पासून पाळली गेलेली नाही. इंग्लंडची प्रतीक्षायादी सत्तर लाखांच्या वर गेलीय. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ष-वर्ष कळ काढणारी माणसं आहेत, आणि ज्यांना परवडतं ते आता खासगीकडे वळतात. मला खरी भीती त्याचीच वाटते, कारण आपल्याकडे नेमकं तेच झालं.

भारताच्या आरोग्यव्यवस्थेची आखणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ चा, म्हणजे एनएचएसच्या दोन वर्षं आधीचा. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी २०२१-२२ मध्येसुद्धा देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. हा आकडा पूर्वी ६४ होता, म्हणजे सुधारणा आहे. फुले जन आरोग्य योजनेनं कितीतरी घरं कर्जातून वाचवली, हेही खरं. पण योजनेचं कार्ड देणं वेगळं आणि गावातला सरकारी दवाखाना आपला वाटणं वेगळं. आमच्यासारख्या नोकरदार घरांनी सीपीआरची, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची, पायरी चढायचं कधीच सोडलं. तक्रार करू शकणारी, नगरसेवकाला जाब विचारणारी माणसंच बाहेर पडली, मग आत राहिलेल्यांचं ऐकणार कोण?

आणि तरीही पन्हाळ्याकडच्या आमच्या मामांना घोणस चावली, तेव्हा रात्रीत सीपीआरच गाठलं होतं. लस तिथं होती, हात तिथं होते. पाय वाचला.

सीपीआरला जोडलेल्या मेडिकल कॉलेजला शाहू महाराजांचं नाव आहे. सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांनाही बरोबरीनं वागवा, असा हुकूम महाराजांनी १९१९ साली काढला होता. एकाच दारातून सगळ्यांनी आत यावं, ही गोष्ट कोल्हापूरला लीड्सनं शिकवायची गरज नाही. आपण वर्गणी काढून तालमी चालवतो, पंचगंगेला पूर आला की घरची भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढतो. मग आपल्याच दवाखान्यात बेड किती, डॉक्टरांच्या जागा किती रिकाम्या, हे विचारायला का जात नाही?

मागच्या महिन्यात दादाशी यावरून खूप वाद झाला. "तू तिकडं बसून सांग, रांगेत मी उभारणार," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी गप्प बसलो.

परवा त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. सीपीआरचा केसपेपर, वर आप्पांचं नाव, खाली हृदयरोग विभागाचा शिक्का. सोबत एक ओळ: "अडीच तास लागले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. पुढच्या गुरुवारी परत बोलवलंय, जाणार हाय."