बंदुकांच्या फरशीवर

आत शिरताना मी सवयीनं चपला काढायला कोपरा शोधत होते. मागून वेसिना म्हणाल्या, "राहू द्या पायात. यावर पाय देऊनच चालायचं असतं."

वेसिना म्हणजे शेजारीण. आमच्याच इमारतीत राहतात, साठी ओलांडलेल्या. मी त्यांना वेसिना म्हणते, त्याही मला वेसिनाच म्हणतात, आणि दोघी एकमेकींना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही'. कोलंबियाच्या या राजधानीत, बोगोतात, कित्येक घरांत आई लेकरालाही 'उस्तेद' म्हणते. आल्या आल्या मला फार परकं वाटलं होतं ते. आता उलट अहो-जाहोच्या घरात आल्यासारखं वाटतं.

तर ती फरशी. जुन्या बोगोतात, राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून थोडं पुढे गेलं की एका पडक्या वाड्याचे अवशेष लागतात. त्या मातीच्या भिंतींना हात न लावता मधून काचेच्या भिंतींची साधी, रिकामी दालनं उभी केलीत. नाव 'फ्राग्मेंतोस', म्हणजे तुकडे. तिकीट नाही. बघायला आत फारसं काही नाही असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की आपण त्याच्यावरच उभे आहोत. काळसर, उंचसखल धातूच्या १,२९६ फरश्या. पातळ तळव्याची चप्पल असेल तर प्रत्येक खळगा पायाला कळतो.

हा धातू म्हणजे 'फार्क' या डाव्या बंडखोर संघटनेच्या लढवय्यांनी खाली ठेवलेल्या बंदुका. पन्नासहून जास्त वर्षं चाललेल्या लढाईनंतर २०१६ मध्ये सरकारशी शांतता करार झाला. पुढच्या वर्षी सुमारे नऊ हजार शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात आली. ती वितळवून तीन स्मारकं करायची हे करारातच लिहिलेलं होतं. त्यातलं कोलंबियातलं काम आलं दोरिस साल्सेदो या शिल्पकार बाईंकडे, धातू ३७ टन. एवढ्या लोखंडातून उंच खांब नाहीतर मशाल धरलेला पुतळा उभा राहिला असता, आणि लोकांनी खाली उभं राहून माना वर केल्या असत्या. साल्सेदोंना शस्त्रांसमोर मान वर करायला लावायचीच नव्हती. त्यांनी सगळं जमिनीवर अंथरलं, आणि त्याला स्मारक न म्हणता 'प्रति-स्मारक' म्हटलं. हे काम २०१८ मध्ये खुलं झालं.

पण मी हे लिहायला बसले ते फरश्यांवरच्या त्या खळग्यांसाठी. ते कारखान्यात आलेले नाहीत. युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांना साल्सेदोंनी बोलावलं आणि हातात हातोडे दिले. समोर पत्रे. त्या पत्र्यांवर बायकांनी घाव घातले, त्या ठोकलेल्या पत्र्यांवरून साचे निघाले आणि साच्यांत बंदुकांचा रस ओतला. या युद्धात बायकांवर अत्याचार करण्यात सगळ्याच हत्यारबंद बाजू होत्या: बंडखोर, निमलष्करी टोळ्या, सरकारी सैनिकही. तिथं चित्रफीत दाखवतात, त्यात त्या बायका ठोकताना दिसतात. मी ती अर्ध्यावर सोडून बाहेर आले. वेसिना शेवटपर्यंत बसल्या.

खरं सांगायचं तर 'कलेतून उपचार' म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. चार रंग दिले, फुलपाखरू काढायला लावलं, फोटो काढले, झालं. तीच आठी घेऊन महिनाभरानं मी वेसिनांबरोबर त्यांच्या, अत्याचार सोसलेल्या बायकांच्या गटात गेले. तिथं अंगाचे साचे घ्यायचे होते, आणि त्यांना सोबतीला कुणीतरी हवं होतं. त्यांच्यावर काय गुदरलं हे मी कधी विचारलं नाही, आणि इथंही त्याबद्दल लिहिणार नाही.

साच्याला लागतं ते सगळं ओळखीचं. हाड मोडल्यावर डॉक्टर घालतात तीच प्लास्टरची पट्टी. स्पॅनिशमध्ये तिला 'येसो' म्हणतात. आधी त्वचेवर व्हॅसलिनचा जाड हात. मग पट्टीचे तुकडे कोमट पाण्यात बुडवून, निथळून एकावर एक, तीन-चार थर. प्लास्टर पाण्याशी मिळालं की स्वतःच गरम होतं. पातळ पट्टीत ती ऊब सुखाची असते, पण प्लास्टरच्या बादलीत हात रुतवून ठेवला तर गंभीर भाजतं. शिकवणाऱ्या बाईंनी हे दोनदा सांगितलं.

त्याहून जास्त वेळ त्यांनी दुसऱ्याच गोष्टींना दिला. कुठल्या भागाचा साचा, कोण लावणार, दार उघडं की बंद, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. चेहरा कुणाचाच नाही, गोल वेढा कुठंच नाही, फक्त पुढून किंवा मागून. 'बास' म्हटलं की त्या क्षणी ओढून काढायचं, कारण विचारायचं नाही. जिचं अंग कधीकाळी तिला न विचारता वापरलं गेलं, तिला प्लास्टरात अडकवून 'हलू नका' म्हणणं केवढं जोखमीचं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. गटाबरोबर एक मानसोपचारतज्ज्ञही होत्या. त्या कोपऱ्यात बसून पट्ट्या कापत होत्या.

वेसिनांनी डावा खांदा निवडला, मानेपासून कोपरापर्यंत. पट्ट्या मीच लावल्या. माझी बोटं थरथरत होती, तर त्याच म्हणाल्या, "घट्ट दाबा हो, पोळी लाटताय का?" (मी त्यांना पोळ्या शिकवल्यात, त्याचा हा सूड.) वीसेक मिनिटांनी प्लास्टर टणटणीत वाजायला लागलं. त्यांनी मोठा श्वास घेतला, खांदा जरा हलवला आणि तो सुटून माझ्या हातात आला. हलका होता, चिकट, अजून कोमट. बाहेरून नुसता पट्ट्यांचा खडबडीतपणा. आतल्या बाजूला मात्र त्वचेची रेघ न् रेघ उमटलेली, देवीच्या लसीचा वण उलटा होऊन उंचवट्यासारखा आलेला. वेसिना त्या वणावरून अंगठा फिरवत बसल्या. म्हणाल्या, "हा मला कधी दिसतच नाही नीट."

एवढंच बोलल्या. रडल्या नाहीत. मला उगाच त्याची अपेक्षा होती.

नंतर सगळे साचे एका खोलीत दोऱ्यांनी टांगले, पोकळ बाजू बघणाऱ्याकडे करून. पाठी, पंजे, एक पोट. माणूस निघून गेल्यावर राहावी तशी जागा. कुठल्याही साच्याखाली नाव नव्हतं. काही बायका स्वतःच्या साच्यासमोर थांबल्या, काही दारातूनच परतल्या, एकीनं आपला काढून घेतला. तेही चाललं.

प्रदर्शन संपल्यावर ज्याला हवा त्यानं साचा घरी न्यायचा होता. वेसिनांनी आणला. परवा डबा परत द्यायला गेले तर तो खिडकीशी उताणा ठेवलेला, आणि खोबणीत लोकरीचे चार गुंडे. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाल्या, "टोपलीतून सारखे घरंगळायचे. यात बरोबर बसतात."