लाइन गेली की आधी ग्राइंडरचा खटका बंद करा

मे महिना लागला की गावातल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर रांग लागते. कुणाच्या ट्रॉलीचा फाळका तुटलेला, कुणाच्या वखराची पास झिजलेली, कुणाला कल्टिवेटरच्या फणाला पट्टी जोडून पाहिजे. मृगाच्या आधी सगळ्याच कास्तकारांना घाई असते. या दिवसांत दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकीने लोखंड कापायचं-घासायचं हातातलं मशीन, चालतो, आणि आपल्याकडे त्याचा एक धोका मोठ्या शहरापेक्षा जास्त आहे, कारण आपल्याकडे लाइन जास्त जाते.

स्वस्त ग्राइंडरला सरकता खटका असतो. पुढे ढकलला की तो तिथेच अडकून राहतो. अँगल कापता कापता लाइन जाते, चाकी थांबते, माणूस मशीन तशीच खाली ठेवतो आणि पाणी प्यायला जातो. दहा मिनिटांनी लाइन येते. जमिनीवर पडलेला ग्राइंडर आपोआप सुरू होतो, चाकी फरशीला टेकते आणि मशीन उसळत जाते, कधी स्वतःच्याच वायरवर, तर कधी जवळ बसलेल्या पोराच्या पायावर. म्हणून लाइन गेली की पहिलं काम खटका मागे घेणं आणि दुसरं काम बोर्डातून पिन काढणं. पाणी त्यानंतर. चाकी बदलतानाही पिन बाहेर पाहिजे. नवीन मशीन घेणार असाल तर बोटांनी दाबून धरावा लागतो तसा, हात सुटला की बंद होणारा खटका मागा. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत.

आता गार्ड, म्हणजे चाकीवरचं झाकण. दुकानात सगळ्यात आधी काढून फेकला जातो तो हाच. कोपऱ्यात मशीन शिरत नाही, किंवा पाच इंची चाकी बसवायची आहे, एवढंच कारण असतं. जरा हिशोब करून बघा. चार इंची चाकी म्हणजे १०० मिलिमीटर, तिचा घेर ३१४ मिलिमीटर. मशीन मिनिटाला ११,००० फेरे घेते. म्हणजे चाकीची कड सेकंदाला साधारण ५८ मीटर, तासाला दोनशे किलोमीटरच्या वर पळते. चाकी तडकली तर तुकडा त्याच वेगाने सुटतो, आणि तो अडवायला गार्डशिवाय दुसरं काहीही नाही. चाकीवर ८० मीटर प्रतिसेकंद ही मर्यादा छापलेली असते. सात इंची चाकी याच मशीनवर चढवली तर कड सेकंदाला १०० मीटरच्या वर जाते, म्हणजे ती फुटायलाच बसवल्यासारखं झालं. पाच इंची चाकी वेगाच्या मर्यादेत बसते खरी, पण तिच्यासाठी गार्ड काढावा लागतो, म्हणून तीही नको.

याहून वाईट प्रकार म्हणजे चौदा इंची कटऑफ मशीनची झिजून लहान झालेली चाकी वाया जाऊ नये म्हणून ग्राइंडरला लावणं. तिचं भोक २५.४ मिलिमीटरचं, चार इंची चाकीचं १६ चं. मधली जागा वायसर आणि पत्र्याने भरतात. ती कधीच बरोबर मध्यावर बसत नाही, थरथरते आणि फुटते. ती फेकून द्या.

नवी चाकी बसवली की तोंड बाजूला करून अर्धा मिनिट रिकामी फिरवा. दोष असेल तर बहुतेक वेळा याच वेळी कळतो. कटिंगची चाकी एक-सव्वा मिलिमीटर जाड असते, तिच्या अंगाने घासू नका; घासायला सहा मिलिमीटरची वेगळी येते. चाकीतला राळेचा बांध ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात चाक्या भिंतीला टांगून ठेवू नका. डब्यात, सपाट ठेवा. मुदत मधल्या धातूच्या कडीवर पाहायला मिळते.

मशीन हातातून झटका का मारते, हेही समजून घ्या. अँगलच्या दोन्ही टोकांना विटा ठेवून मधोमध कापलं तर लोखंड मधे वाकतं, फट मिटते, चाकी चिमटीत अडकते आणि मशीन मागे उसळते. आधार कापाच्या एका बाजूला, अगदी जवळ द्या. दुसरी बाजू मोकळी लोंबू द्या, म्हणजे फट उघडत जाते. बाजूची मूठ लावलेलीच पाहिजे. व्होल्टेज उतरलं की चाकी मंदावते, माणूस जोर लावतो आणि पातळ चाकी वाकून तडकते. अशा वेळी काम थांबवलेलं बरं. लाकूड कापायचं दाताचं ब्लेड ग्राइंडरला कधीच लावू नका. बाभळीच्या गाठीत दात रुतला की मशीन थेट मांडीकडे येते.

उन्हाळ्यात ओला दुपट्टा डोक्याला, गळ्याला असतोच. पारा ४५ वर असताना तो काढा म्हणणं कठीण आहे, पण त्याची टोकं शर्टाच्या आत खोचा. ड्रिल मशीनजवळ लोंबता दुपट्टा आणि सुती हातमोजे दोन्ही नकोत. बिट दोरा पकडतं आणि हात ओढून घेतं. घामाने भिजलेल्या हातातून करंटही लवकर जातो. बोर्डात उघड्या तारा काडी खोचून बसवण्याऐवजी पिन लावा, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा खटका, बसवून घ्या. जुन्या लोखंडी बॉडीच्या ड्रिलला अर्थिंग पाहिजेच.

हाताची हत्यारं गरीब वाटतात, पण छन्नीचं डोकं घणाच्या माराने फुलतं आणि त्या फुललेल्या कडेचा तुकडा गोळीसारखा उडतो. फूल दिसलं की घासून कड उतरती करा. हातोड्यावर हातोडा मारू नका, दोन्ही तोंडं कडक पोलादाची असतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दांड्याचं लाकूड आक्रसतं आणि डोकं ढिलं होतं. ते रात्रभर पाण्यात टाकायची सवय आहे. लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतं, पण दुपारपर्यंत वाळतं आणि आधीपेक्षाही ढिलं होतं. पाचर नवी ठोका, नाहीतर दांडाच बदला.

डिझेलचं रिकामं पिंप कुणी कापायला आणलं तर परत पाठवा. आतली वाफ ठिणगी पाहून फुटते, पिंप पाण्याने विसळलं असलं तरी भरवसा नाही. कापसाच्या गाठोड्याजवळही ग्राइंडर नको. कापूस आतल्या आत धुमसतो आणि आग तासाभराने दिसते.

डोळ्यांना बाजूनेही बंद असलेला चष्मा लावा. उन्हाचा गॉगल चालत नाही. कण गेलाच तर डोळा चोळू नका, आणि शेजाऱ्याला काडीने किंवा दुपट्ट्याच्या टोकाने काढू देऊ नका. लोखंडाचा कण बुबुळावर रुतून बसला तर काही तासांत तिथे गंजाचं कडं धरतं, ते डोळ्यांच्या डॉक्टरलाच काढावं लागतं. घणाच्या माराने उडालेला बारीक तुकडा तर डोळ्याच्या आत शिरतो आणि फारसा दुखतही नाही, फक्त दिसायला धूसर होतं. तसं झालं तर पाणी मारू नका, दाबू नका. कागदी कप डोळ्यावर झाकून चिकटपट्टीने लावा आणि त्याच दिवशी तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, पेरणीची कितीही घाई असली तरी.