गेममधलं प्रेम: आकडा, नकार आणि नंतरची सकाळ

गेममधली प्रेमकथा पटली नाही की आपण संवादलेखकाला नावं ठेवतो. बहुतेक वेळा संवाद बरे असतात, चुकलेलं असतं ते आतलं गणित. समोरचं पात्र कधी, कशामुळे आणि किती सहज 'हो' म्हणतं हे ज्या यंत्रणेवर ठरतं, तीच खरी लेखक.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) घ्या. गेम बाजारात आला तेव्हा सोबत्यांची (नायकाबरोबर फिरणाऱ्या पात्रांची) मर्जी जिंकायला लागणाऱ्या गुणांच्या मर्यादा चुकून फार खाली राहिल्या होत्या, हे गेम बनवणाऱ्या लॅरियननेच नंतर सांगितलं. परिणाम असा की गेल या सोबत्याशी जरा आपुलकीने बोललं की तो लगेच प्रेमाच्या गोष्टी करू लागायचा. त्याच्या तोंडची वाक्यं ठरल्याप्रमाणेच होती. फक्त एक आकडा चुकला, आणि पात्राचा स्वभावच बदलला!

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये (२०१६) हे गणित उघडंच आहे. जवळीक हृदयांत मोजतात, आणि एक हृदय म्हणजे २५० गुण. रोज बोललात तर २०, अगदी आवडीची भेट दिलीत तर ८०, आणि भेटी आठवड्याला दोनच. ॲबिगेल या पात्राशी रोज दोन शब्द आणि आठवड्याला तिच्या आवडीचे दोन ॲमेथिस्ट (जांभळे खडे), एवढ्यावर ३०० गुण होतात. सातेक आठवड्यांत आठ हृदयं भरतात, मग पुष्पगुच्छ देऊन प्रेम व्यक्त करायचं. वाढदिवसाला तोच ॲमेथिस्ट आठपट, म्हणजे ६४० गुण देतो. एका दिवसात अडीच हृदयं. इथे हे खपून जातं, कारण रोज थोडं पाणी घालून वाट पाहणं हाच त्या गेमचा जीव आहे. हाच साचा युद्धाच्या महाकथेत आणला की तो बोचतो. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) तत्त्वावरून दुखावलेल्या सोबत्याची नाराजी भेटवस्तू देऊन भरून काढता येते. तिथे प्रेम विकत घेतल्यासारखं वाटतं, आणि तो दोष संवादांचा नाही.

त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागाने (२०११) यावर चांगला तोडगा काढला: पट्टीच्या एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला वैर, आणि प्रेम दोन्ही बाजूंनी शक्य. सतत भांडणाऱ्या दोघांमधलं आकर्षण त्या आकड्यात मावलं. स्वतःचा गेम लिहिणाऱ्यांनी निदान विश्वास आणि आकर्षण हे दोन आकडे वेगळे ठेवावेत. एकच ठेवला की प्रत्येक घट्ट मैत्री आपोआप प्रेमाकडे घसरते.

नकाराची सोय मात्र फार थोडे जण करतात. 'हेडीस'मध्ये (२०२०) ड्यूसा या पात्राला नेक्टर (भेट द्यायचं पेय) देत राहा, हृदयं भरत जातात, आणि शेवटी ती सांगते की तिला मैत्रीच हवी आहे. खेळाडूने सगळं 'बरोबर' केलेलं असूनही! त्या एका नकारामुळे मेगेरा आणि थानाटोस या दुसऱ्या पात्रांच्या होकारालाही वजन येतं.

खेळाडूची संमतीही तितकीच महत्त्वाची. संवादचक्रावर (उत्तराचे पर्याय दाखवणाऱ्या चकतीवर) पूर्ण वाक्य न देता त्याचा सारांश दिला की घोटाळा होतो: आपण धीर द्यायला जातो आणि नायक लाडात येतो. 'ड्रॅगन एज २'ने प्रेमाच्या पर्यायापुढे हृदयाचं चिन्ह लावलं. एवढंसं चिन्ह, पण फसगत टळली.

पात्रांचा लैंगिक कल ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक पात्र कुठल्याही नायकावर प्रेम करू शकतं. खेळाडूला मोकळीक मिळते. दोन, पात्राचा कल लेखकाने आधीच ठरवलेला. मला दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मधला (२०१४) सोबती डोरियन समलिंगी आहे, आणि त्याचा कल रक्तजादूने बदलू पाहणारे वडील ही त्याची जखम आहे. कल नायकाप्रमाणे बदलला असता तर ही कथा उभीच राहिली नसती.

शरीरसंबंधाच्या प्रसंगाबद्दल थोडक्यात. तो बहुधा शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री येतो. पहिल्या 'मास इफेक्ट'मध्ये (२००७) तसंच आहे. त्यामुळे तो बक्षिसासारखा दिसतो आणि नातं तिथेच संपतं. चित्रणाच्या अडचणी वेगळ्याच: चुंबनात नाकं एकमेकांत घुसतात, केस खांद्यातून आरपार जातात, उंची बदलता येणारा नायक असेल तर ओठच जुळत नाहीत. अशा वेळी पडदा लवकर काळा करणं हा पळपुटेपणा नाही. आणि नको असलेला प्रसंग काढायचा तर फाइलींमधूनच काढावा, नुसता कुलूपबंद ठेवू नये. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'मध्ये तसा ठेवलेला भाग २००५मध्ये मॉडमुळे (खेळाडूंनी केलेल्या फेरफारामुळे) उघडा पडला, अमेरिकेतलं मानांकन 'केवळ प्रौढांसाठी' झालं आणि मोठ्या दुकानांनी गेम काढून टाकला.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते होकारानंतरच्या भागाकडे. नातं जुळल्याची नोंद ठेवणारा फ्लॅग फक्त प्रेमप्रसंगातच तपासला, तर दुसऱ्या दिवशी तेच पात्र अनोळखी माणसासारखं 'काय काम आहे?' विचारतं. तो अभिवादनाच्या ओळींत, नायक जखमी झाल्यावरच्या आरोळीत आणि इतर सोबत्यांच्या गप्पांतही तपासायला हवा. लेखनाला वेळ कमी असेल तर प्रेमप्रसंग एकाने कमी करा आणि त्या ओळी इथे खर्च करा.