वापरू का नको, एवढंच सांगा

नागपूरच्या धंतोलीत वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या आणि भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात मी सर्व्हिसचं काम पाहतो. ओळखीपाळखीतून फोन येतात, त्यात एक प्रश्न हमखास असतो : "अमुक कंपनीनं मशीन परत मागवलं म्हणे. मग आता त्या कंपनीचं काही घ्यायचं की नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो, फोनवर हे नीट सांगून होत नाही.

परत मागवलं एवढ्यावरून मी कुठल्याच कंपनीला वाईट ठरवत नाही. हजारोंनी नग बनतात, एखाद्या लॉटमध्ये खोट निघते. शिवाय रिकॉल म्हणजे दर वेळी मशीन उचलून नेणं नव्हे, पुष्कळदा जागेवरच एखादा पार्ट किंवा सॉफ्टवेअर बदलतात. मी पाहतो ते पत्र. खोट कळल्यावर कंपनीनं काय लिहिलं, कोणाला लिहिलं आणि किती उशिरा लिहिलं.

2021च्या एप्रिलमध्ये नागपुरात ऑक्सिजनसाठी काय धावपळ होती ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या दुकानातून त्या दिवसांत कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून देणारी मशीन, गेले ते अक्षरशः हातोहात. बिल एकाच्या नावावर, मशीन दुसऱ्याच्या घरी, महिनाभरानं तिसऱ्याकडे. रजिस्टरमध्ये सिरीयल नंबर लिहायला कोणाला उसंत नव्हती. दिवाळीनंतर त्यातल्या एका कंपनीचं पत्र आलं. मथळा होता 'उत्पादन सुधारणा सूचना'. दोन परिच्छेद गुणवत्तेशी असलेल्या बांधिलकीवर. तिसऱ्यात, वाक्याच्या शेपटाशी, की काही मोजक्या यंत्रांत स्विचजवळची वायर जास्त तापू शकते. ऑक्सिजनच्या मशीनमध्ये वायर तापणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पेशंटसाठी त्याचं मराठी मी करून दिलं. मी लिहिलं होतं, 'आग लागण्याचा धोका आहे.' वरून मंजूर होऊन आलं ते असं : 'क्वचित प्रसंगी गैरसोय होऊ शकते.' तोच कागद घेऊन मी घरोघर फिरलो. याचं मला आजही वाईट वाटतं.

पाचपावलीत एका घरी आजोबांना रात्रभर ऑक्सिजन लागायचा. मशीन खाटेशेजारी, त्यावर दसऱ्याची वाळलेली झेंडूची फुलं. सिरीयल नंबरचं स्टिकर मागच्या बाजूला, त्यावर नेमकं कुंकू लागलेलं आणि सॅनिटायझरनं पुसून पुसून अर्धे आकडे उडालेले. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून मी एकेक आकडा वाचत होतो. नातवानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी शेवटपर्यंत ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "हे राहू दे ना बापा. मशीन लावू का नको लावू, तेवढं सांग."

त्या आख्ख्या पत्रात याचं उत्तर नव्हतं. नंबर त्याच लॉटमधला निघाला. मी कागद बाजूला ठेवून म्हणालो, "नका लावू आजी, आग लागू शकते." आणि संध्याकाळच्या आत दुकानातलं दुसरं मशीन नेऊन लावलं. नुसतं 'नका लावू' म्हणून कसं चालेल? रात्री आजोबांनी श्वास कशावर घ्यायचा, हेही त्याच पत्रात असायला हवं होतं.

तेव्हापासून मला काही शब्दांची धास्ती बसली आहे. 'स्वेच्छेने' हा त्यातला पहिला. त्याचा अर्थ एवढाच, की सरकारी आदेश येण्याआधी कंपनीनं पाऊल उचललं. अमेरिकेतले बहुतेक रिकॉल असेच असतात, त्यात उपकार नाही. दुसरा शब्द 'खबरदारी म्हणून'. आणि क्लास वन म्हटलं की लोकांना पहिल्या दर्जाचं वाटतं. एफडीए, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारं अमेरिकेचं सरकारी खातं, त्यांच्या वर्गवारीत तो सगळ्यात गंभीर रिकॉल.

जॉन्सन अँड जॉन्सनचं उदाहरण पाहा. 1982मध्ये शिकागोकडे टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं गेली. कंपनीनं सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या, लोकांना गोळ्या घेऊ नका असं सरळ सांगितलं. एमबीएला हे अजून शिकवतात. पण त्याच समूहातल्या डीप्यू या कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा कृत्रिम सांधा. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. ऑस्ट्रेलियातून तो 2009मध्येच काढून घेतला, जगभरातून परत मागवला 2010च्या ऑगस्टमध्ये. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हेल्पलाइनमार्फत सापडले ते हजाराच्या थोडे वर. बाकीच्यांच्या शरीरात काय आहे, हे त्यांना कळवायचं तरी कोणी? केंद्रानं समिती नेमली 2017मध्ये, भरपाईचं सूत्र ठरायला 2018 संपत आलं.

फिलिप्सनं 2021च्या जूनमध्ये सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायची मशीन, आणि काही व्हेंटिलेटर परत मागवले. आवाज कमी करणारा आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जायची भीती होती. नऊ महिन्यांनी, 2022च्या मार्चमध्ये, एफडीएला कंपनीला आदेश द्यावा लागला : लोकांना नीट कळवा, आतापर्यंतचं कळवणं पुरेसं नाही. सांगितलं, आणि पोचलं, यातलं अंतर ते हेच.

म्हणून माझं उत्तर असं. पहिल्या दोन ओळींत कोणतं मशीन, काय होऊ शकतं आणि आज रात्री काय करायचं हे लिहिणाऱ्या कंपनीचं मशीन मी माझ्या आईसाठी घेईन, दोनदा रिकॉल झालेलं असलं तरी. बांधिलकीनं सुरुवात करणाऱ्या कंपनीचं घेणार नाही. तुम्हालाही उपकरणाचा त्रास झाला तर गप्प बसू नका. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे 2015पासून मटेरिओव्हिजिलन्सचं, म्हणजे उपकरणांमुळे झालेल्या त्रासाच्या नोंदी ठेवून त्या तपासायचं, काम आहे, तिथं पेशंटसुद्धा तक्रार नोंदवू शकतो. 1800-180-3024 हा त्यांचा फुकट फोन.

आमच्या दुकानातून त्या लॉटची बेचाळीस मशीन गेली होती. एकतीस सापडली. शेवटचं भंडाऱ्याजवळच्या एका गावात, माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेलं. अकरा अजून कुठं आहेत कोणास ठाऊक. त्या उन्हाळ्यात कोणाकडून आलेलं मशीन तुमच्या घरी असेल, तर आज ते जरा फिरवा, मागचं स्टिकर ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा, फोटो काढा आणि ज्यांच्याकडून आलं त्यांना पाठवा.