आज दिवसभर मोंफर्मेयमध्ये

रविवार, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे दिग्दर्शक लाज ली यांचा 'ले मिझेराब्ल' (२०१९) हा फ्रेंच सिनेमा अखेर पाहून टाकला. नाव ह्यूगोच्या कादंबरीचं, कथा मात्र आजच्या पोलिसांची आणि पोरांची. घडते कुठे, तर मोंफर्मेयमध्ये. पॅरिसच्या पूर्वेचं हे उपनगर. कादंबरीतल्या दुष्ट थेनार्दिएची खाणावळ ह्यूगोने इथेच बसवली होती. त्याच्याकडे राबणारी लहानगी कोझेत रात्री जंगलातल्या झऱ्यावरून जड बादली ओढत आणते ना, ते हेच गाव! कादंबरी १८६२ची. त्या प्रसंगाने शाळेत असताना मला रडवलं होतं.

पुढे तिथे उंच इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या. दिग्दर्शक स्वतः तिथलाच, ले बॉस्के वस्तीत वाढलेला. म्हणूनच असेल, जिन्यातली गर्दी, गच्चीवरून ड्रोन उडवणारा पोरगा, काहीच पाहुण्याच्या नजरेतून दिसत नाही.

शेजारचं उपनगर क्लिशी-सू-ब्वा. तिथे २००५च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांपासून लपायला तीन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि त्यातली दोन शॉक लागून गेली. त्यानंतर फ्रान्सभर तीन आठवडे गाड्या जळत होत्या. दहा वर्षं आधी, १९९५मध्ये, 'ला एन' या कृष्णधवल सिनेमाने हाच राग दाखवला होता. तेव्हाच्या पंतप्रधानांनी तो मंत्र्यांना मुद्दाम दाखवला म्हणे. दाखवून काय झालं, ते २००५ने सांगितलंच.

'ला एन'मधले तिघे मित्र पॅरिसला जातात आणि परतीची शेवटची लोकल चुकते, तो तुकडा रात्री पुन्हा लावला. स्वतःच्याच राजधानीत रात्रभर उपरे.

चहा गार झाला होता.