आमची वाटचाल : साल कडू लागली पाहिजे

सुरुवातीला आम्ही दोघं भाऊ वाळलेल्या वनस्पती निवडून, दळून चूर्णवाल्यांना द्यायचो. पुढे जंत, आमांश, हिवताप यांवर वनस्पती तपासणाऱ्या प्रयोगशाळा अर्क मागू लागल्या. आपल्याला यातलं फारसं कळत नाही, हे पहिल्याच मागणीने दाखवून दिलं.

मागणी होती कुड्याच्या सालीची. तिच्यातलं कोनेसीन आमांशाच्या अमिबाला मारतं. आमचा अर्क परत आला, कारण त्यात कोनेसीन नावालाच होतं. पांढऱ्या कुड्याच्या गोणीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली होती, आणि वाळल्यावर या दोन साली नुसत्या नजरेला ओळखू येत नाहीत. तेव्हापासून प्रत्येक गोणीतला तुकडा मी चावून बघतो. खऱ्या सालीचा कडवटपणा जिभेवरून लवकर हटत नाही. सूक्ष्मदर्शक आणि क्रोमॅटोग्राफी (अर्कातले घटक वेगळे करून ओळखण्याची पद्धत) त्यानंतर.

दुसरी खोड उकळण्याची. काढा म्हणजे उकळायचंच, हे हाडात मुरलेलं. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्याबद्दल वाचलं तेव्हा चूक कळली. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. उकळल्याने औषधी गुण जात असावा, हे त्यावरून ओळखून त्यांनी अर्कासाठी ३५ अंशांनाच उकळणारं इथर वापरलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांचा १९१ क्रमांकाचा नमुना हिवताप झालेल्या उंदरांवर पूर्ण लागू पडला. त्याच अर्कातून पुढे हिवतापावरचं आर्टेमिसिनिन वेगळं काढलं गेलं, तेच २०१५च्या नोबेलचं. आता आम्ही प्रत्येक मालाचे तीन अर्क काढतो: थंड पाण्यातला, अल्कोहोलमधला आणि उकळलेला. खर्च वाढला म्हणून भाऊ बरेच दिवस धुसफुसत होता.

एका गिऱ्हाइकाला आमच्या अर्काच्या बाटलीवर ‘जंतनाशक, सिद्ध’ असं छापून हवं होतं. आधार काय, तर बशीतली गांडुळं मेली! गांडूळ मातीत राहतं, आतड्यात नाही. आम्ही नकार दिला आणि ती मोठी ऑर्डर गेली. माणसाच्या जंतांसाठी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी आहे, तिच्याशी स्पर्धा करण्याचा आमचा विचारही नाही. पण मेंढ्यांच्या जंतांवर अशी औषधं अनेक ठिकाणी निकामी होत चालली आहेत. वावडिंग आणि पळसाच्या बियांचे आमचे अर्क सध्या तिकडेच तपासायला जातात. काही बरे निघतात, पुष्कळसे वाया जातात.

वावडिंगातही भेसळ असतेच. तिथे मात्र जीभ चालत नाही.