नऊ रंग, दहावं नख

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरांकडे मान वर करून बघितलं की कुठल्या ना कुठल्या बाल्कनीच्या ग्रिलला दोऱ्याने टांगलेली जुनी सीडी दिसतेच. कबुतरांसाठी. कबुतरं तिला भीक घालत नाहीत, पण वाऱ्यावर ती फिरली की शेजारच्या भिंतीवरून सप्तरंगी पट्टा सरकून जातो. होलो (होलोग्राफिक) नेलपॉलिश म्हणजे जणू हीच सीडी, भुगा करून बाटलीत भरलेली. सीडीवरचे वळसे एकमेकांपासून 1.6 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. तशाच बारीक रेघा पॉलिशमधल्या धातूच्या कणांवर उमटवलेल्या असतात आणि त्यांच्यावर पडलेला पांढरा प्रकाश रंगांत फुटतो. म्हणजे इंद्रधनुष्य बाटलीत नसतं, प्रकाशात असतं.

बाटलीत असतो करडा. हे दुकानात लक्षात येत नाही, कारण काउंटरवर स्पॉटलाइट असतो. तीच बाटली घरी ट्यूबलाइटखाली धरली की स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखी दिसते. ट्यूबचा प्रकाश लांबलचक पट्टीतून येतो, फुटलेले रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. होलोला एका ठिकाणाहून येणारा उजेड लागतो: ऊन, छोटा एलईडी, मोबाइलचा टॉर्च.

भडक रंगावर होलो चढवायचा तर हा करडेपणा धरूनच हिशोब करावा लागतो. प्रत्येक कोट थोडं इंद्रधनुष्य देतो आणि खालचा थोडा रंग खातो. कोणता रंग किती खाल्ला जातो, ते एकाच बैठकीत बघायचं तर नवरात्रासारखी संधी नाही. नऊ नखांना नऊ रंग, दहावं दसऱ्याला. (रोज उठून रिमूव्हर लावायचा आणि रोज नवा रंग, हे नखांच्या मुळावर येणारं व्रत आहे. करू नये.) रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, नखांना त्याचं काही नाही.

रॉयल ब्लू, जांभळा आणि मोरपिशी या तिघांचं होलोशी उत्तम जमतं. खाली गडद असल्यामुळे रंगीत पट्टा उठून दिसतो आणि करडा पचून जातो. हिरवाही चालतो. लाल थोडा डाळिंबी होतो, केशरी विटेकडे झुकतो. पिवळा मात्र बिघडतो: पिवळ्यात करडा गेला की शेवाळी छटा येते, उन्हात दुर्लक्ष करता येतं, सावलीत नाही. पांढरा सगळ्यात वाईट, धुतल्यानंतरही मळकट वाटणाऱ्या बनियनसारखा. या दोघांवर बारीक पूड असलेला होलो लावूच नये. पारदर्शक पॉलिशमध्ये कण सुटेसुटे विखुरलेला मिळतो तो लावावा. कणांच्या मधून मूळ रंग दिसत राहतो. आणि राखाडी? त्या नखाला खाली रंगच लागत नाही. नुसत्या होलोचे 2 कोट द्या, काम झालं.

नख आधी रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून घ्यावं. खोबरेल तेलाचा हात लागलेला असेल तर सगळं दोन दिवसांत पापुद्र्यासारखं निघतं. मग बेस कोट, नाहीतर निळा आणि लाल नखात उतरतात. रंगाचे 2 पातळ कोट, मध्ये 3-4 मिनिटं. निऑन असेल तर त्याखाली पांढऱ्याचा एक कोट, त्याशिवाय पट्टे दिसतात. निऑन बहुतेक वेळा खडूसारखा मॅट वाळतो आणि त्यावर होलोचा ब्रश अडखळतो, म्हणून मध्ये पारदर्शक कोटचा एक हात फिरवावा. आता 10 मिनिटं थांबायचं. खरी गडबड इथेच होते. खालचा रंग ओला असेल तर होलोचा ब्रश तो उचलून घेतो, नखावर टक्कल पडतं आणि तो रंग बाटलीतही जातो.

होलोची बाटली खळाखळा हलवू नये, बुडबुडे धरतात. आडवी धरून तळव्यांत लाटल्यासारखी फिरवावी, तळाशी बसलेली पूड वर येते. कोट एकच आणि पातळ, पण ब्रश कोरडा नको. ब्रशच्या टोकाला छोटा थेंब ठेवायचा आणि तो नखावर तरंगत न्यायचा: मध्ये, डावीकडे, उजवीकडे. केस नखाला टेकून घासले गेले की कण आडवेतिडवे होतात आणि सरळ पट्ट्याच्या जागी नुसती चकचक उरते. टॉप कोट 15 मिनिटांनी. घाईने लावलेला, विशेषतः झटपट वाळणारा, होलोचा थर पुन्हा विरघळवतो आणि कण हलले की चमक जाते.

ठाण्यात यात हवेचीही भर. आश्विनात एकीकडे ऑक्टोबर हीट, दुसरीकडे संध्याकाळी परतीचा पाऊस. पॉलिशमधले इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट उडताना नखावरचा थर गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. फ्रिजमधल्या बाटलीला घाम येतो तसंच. त्यात पंखा 5 वर असेल तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला द्रव अडकतो आणि बुडबुडे येतात. पाऊस पडत असताना लावूच नये, दुपारच्या उन्हात, पंखा बंद करून लावावं. घाम पुसायला शेजारी रुमाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात डावीकडची खिडकी धरावी. पारसिकच्या डोंगरावरून ऊन थेट आत येतं. गाडी वळली की निळ्या नखावरचा पट्टा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातो. ऑफिसात पोचल्यावर छताच्या पॅनेलखाली सगळं विझतं.

काढताना ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा आवळावा, 5 ते 10 मिनिटं. विखुरलेल्या कणांचा होलो घासून निघत नाही, नखच निघेल.

दहाव्या नखाला सोनेरी. सोनेरीवर होलो चढवला की पितळेला कल्हई केल्यासारखं दिसतं. तिथे नुसता टॉप कोट.